चुलीपासून ओट्यापर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तीत आपण काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. काय लिहावे या विचारात डाळ ढवळताना सहज पायाखाली लक्ष गेले. तेथे एक जुना पाट आहे, माझ्या सासूबाईंचा. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली, पण पाट ओट्यापुढून हललेला नाही. कारण मीही काही उंच नव्हे! पाट ही वास्तविक बसण्याची वस्तू. ती उभे राहण्याची कशी झाली, तेवढेच आज सांगणार आहे. हकीकत घरगुती आहे, पण तिचे धागे शंभर वर्षांच्या इतिहासात गुंतलेले आहेत.

माझे माहेर कोकणातले. आजीचे स्वयंपाकघर म्हणजे मातीची चूल, तिला लागून वैल, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, वर टांगलेले शिंके आणि शेणाने सारवलेली जमीन. आजी चुलीपुढे अशी बसे की माजघराचे दार तिच्या नजरेसमोर राही. कोण आले, कोण गेले, कोणते पोर रडते आहे, सारे तिला बसल्या जागी कळे. परंतु जुन्याचे गोडवे गाण्यापूर्वी धुराची आठवण ठेवली पाहिजे. आढे काळे, भिंती काळ्या आणि फुंकणीने फुंकून फुंकून आजीचे डोळे बारमाही लाल. म्हातारपणी तिला खोकल्याने रात्र रात्र झोप नसे. तो चुलीचा खोकला आहे, असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. बायकांना खोकला असायचाच, एवढेच म्हणत.

या धुराचा विचार कोणी केलाच नाही असे मात्र नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चाले. तेथे १९४७ साली ‘मगन चूल’ तयार झाली. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी चढत आणि धूर नळीवाटे घराबाहेर जाई. पुढे १९५३ साली हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी धुराविना स्वयंपाकघर सामान्यांच्या घरी कसे आणता येईल, यावर पुस्तिका लिहिली. कल्पना उत्तम होत्या. पण अशा चुली घरोघर टिकल्या नाहीत. नळीत काजळी साचे, ती साफ करणे जिकिरीचे होई. चुलीचे तोंड एका मापाचे आणि घरातली भांडी दुसऱ्या मापाची. जिला रोज त्या चुलीपुढे बसायचे तिला आधी विचारले असते, तर या अडचणी पहिल्याच दिवशी कळल्या असत्या.

आता मुंबईकडे वळते. १८९६ साली शहरात प्लेग आला आणि दाटीवाटीच्या, अंधाऱ्या घरांकडे सरकारचे लक्ष गेले. १९२० नंतर गिरणी कामगारांसाठी सरकारने सिमेंट काँक्रीटच्या चाळी उभ्या केल्या. त्याच आपल्या परिचयाच्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ इमारती झाल्या, पैकी १२१ एकट्या वरळीत. एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. तेवढ्यात एक संसार, कधी दोन. नकाशात ‘स्वयंपाकघर’ असे वेगळे नव्हतेच. जिथे चूल मांडली ते स्वयंपाकघर आणि जिथे अंथरूण घातले ती निजायची खोली.

पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना आधार झाला, पण भाडे वाढत नाही म्हणून मालक डागडुजीला हात लावीनासे झाले. मग मुंबईच्या चाळींचा कायापालट केला तो भाडेकरूंनीच, भिशीच्या आणि बोनसच्या पैशांतून. एका दिवाळीला पोटमाळा, पुढच्या दिवाळीला मोरीची भिंत, तिसऱ्या दिवाळीला ओटा. या इतिहासाची नोंद कोठे झालेली नाही. ती आपल्या भिंतींवर आहे.

मी १९७१ साली लग्न होऊन या चाळीत आले. तेव्हा आमच्या खोलीत ओटा नव्हता. खिडकीखाली शहाबादी फरशी, तीवर रॉकेलचा स्टोव्ह, बाजूला पाटा-वरवंटा, विळी आणि पितळी डबे मांडलेली मांडणी. सासूबाई बसून स्वयंपाक करीत आणि मी उभी राहून त्यांना हवे ते देत असे. गॅससाठी नाव नोंदवून आम्ही कित्येक वर्षे वाट पाहिली. अखेर १९७९ साली सिलिंडर घरात आला, तेव्हा शेजारणी तो बघायला आल्या होत्या!

गॅस आला म्हणून ओटा आला, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर जमिनीवर उभा ठेवायचा आणि शेगडी त्याच्या झडपेहून उंच, हा नियम. जमिनीवरचा जाळ अशा रीतीने कमरेशी आला आणि त्यामागोमाग आम्ही बायका उभ्या राहिलो.

ओटा घालायला मिस्त्री आला. घरातल्या पुरुषमंडळींशी त्याचे बोलणे झाले. कडाप्पा किती, सिमेंट किती, मजुरी किती, सर्व ठरले. उंची किती, हे कोणी काढलेच नाही. “सगळीकडे चौतीस इंचच घालतात,” म्हणून त्याने ३४ इंच घातला. त्यावर शेगडी चार-पाच इंच आणि तीवर पातेले. सासूबाईंची उंची जेमतेम पावणेपाच फूट. पहिल्या दिवशी त्यांनी पिठले ढवळायला हात वर केला आणि म्हणाल्या, “अगं सूनबाई, हा ओटा आहे की देव्हारा?” आम्ही दोघी खूप हसलो. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा खांदा धरला आणि आठवड्याने कढईतले तेल मनगटावर उडाले. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. तेव्हा त्यांनी आपला जेवणाचा पाट उचलला, ओट्यापुढे टाकला आणि त्यावर उभ्या राहिल्या. ओटा फोडून बांधायला पैसे नव्हते. पाट घरचाच होता.

आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. ओटा भिंतीला लागून, म्हणून आमची तोंडे भिंतीकडे आणि पाठ घराकडे झाली. कंबरेचे वाकणे गेले हे खरे, फुंकणी गेली हे तर फारच बरे झाले. पण आजीला बसल्या जागी जे दार दिसे ते आम्हांला दिसेनासे झाले.

अशा चुका आपल्याकडेच झाल्या असे समजू नये. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी कामकरी कुटुंबांच्या घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर कसे चालते, ते पाहून त्यांनी पावले मोजली आणि सर्व वस्तू हाताशी आणल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची मूळ आई तीच. तेथे बसून काम करण्यासाठी फिरते स्टूलही होते! परंतु ती जागा एका माणसापुरतीच होती. दुसरीने मदतीला यायचे तर उभे राहायला ठाव नाही. आणि त्या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले, की ते आखण्यापूर्वी त्यांनी स्वतः कधी घर चालविले नव्हते. त्यांच्या या प्रामाणिकपणाचे मला फार कौतुक वाटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट आणि संडास घरात! त्या बातमीने माझे डोळे भरून आले. आता आपल्या चाळीचीही पाळी आली आहे. नकाशे येतील, सभा होईल. सभेत चौरस फूट, पार्किंग आणि लिफ्ट यांवर तास दोन तास भाषणे होतील. भगिनींनो, त्या सभेला चहा करण्यापुरते जाऊ नका. पुढे बसा आणि स्वयंपाकघराचा नकाशा मागा.

काय पाहावे, हे अनुभवाने सांगते. कोपर काटकोनात दुमडून त्याखाली चार ते सहा इंच, ही ओट्याची उंची. शेगडीचा भाग आणखी थोडा खाली असावा. घरात रोज राबणारी जी, तिच्या मापाने हे ठरवावे. सिलिंडर बंद कपाटात कोंडू नये. कपाट असलेच तर त्याला तळाशी हवा जाण्यास भोके हवीत. खिडकी हवी, आणि ती उघडणारी हवी. दोघींना पाठीला पाठ न लागता वावरता यावे. आणि जमल्यास ओट्यापाशी उभे राहून घराचे दार दिसावे.

नव्या घरात मी जुने फारसे काही नेणार नाही. मांडणी देऊन टाकीन, पितळी डबे नातीने मागितले आहेत. पाट मात्र नेणार आहे. पण ओट्यापुढे टाकायला नव्हे. ओटा माझ्या मापाचा करून घ्यायचा आणि सासूबाईंच्या पाटावर पहिल्या दिवशी बसून जेवायचे, असा माझा बेत आहे. त्या पंगतीला मंडळाच्या सर्व भगिनींना आजच आग्रहाचे निमंत्रण!