स्कोअरकार्डात न दिसणारा माणूस : नरेन ताम्हाणे



मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, की विषय आवडीचा आहे पण त्याचा डेटाच नाही, मग संशोधन करायचं कसं? आज त्यावरच बोलू.

गेल्या उन्हाळ्यात पिंपळगाव बसवंतला घरी गेलो होतो. गावाजवळ टेनिस बॉलची स्पर्धा होती. माझा चुलतभाऊ विकेटकीपर. बक्षिसं वाटली गेली: उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज, मालिकावीर. कीपरला काहीच नाही. घरी येताना तो म्हणाला, "दादा, चार दिवस बॉल अडवले ते कोणी पाहिलं नाही, एक सुटला तर अख्ख्या मैदानाने शिव्या दिल्या." त्याचं हे बोलणं डोक्यात घेऊनच मी नरेन ताम्हाणेंचे आकडे उघडले.

ताम्हाणे मुंबईचे, जन्म 1931 चा. जानेवारी 1955 मध्ये ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी खेळले आणि त्या पाच कसोटींच्या मालिकेत 19 बळी टिपले. एकूण 21 कसोटी, 35 झेल, 16 यष्टिचीत. फलंदाजीत 225 धावा, सरासरी जेमतेम 10. म्हणजे हा माणूस संघात होता तो फक्त ग्लोव्हजच्या जोरावर.

आता तुम्ही एम.एस्सी. झालेले आहात, आकडे दिसले की भागाकार करणारच. मीही केला. ताम्हाणे: 51 भागिले 21, म्हणजे कसोटीमागे 2.4 बळी. धोनी: 90 कसोटींत 294, म्हणजे 3.3. झालं, धोनी सरस! थांबा. कीपरच्या खात्यावर बळी जमा व्हायला आधी कुणीतरी बॅटची कड काढावी लागते. तो आकडा कीपरइतकाच त्याच्या गोलंदाजांचाही असतो.

म्हणून दुसरा भागाकार करून बघा. एकूण बळींपैकी यष्टिचीत किती? धोनीचे 38, साधारण 13 टक्के. किरमाणींचे 198 पैकी 38, म्हणजे 19 टक्के. ताम्हाणेंचे 51 पैकी 16, थेट 31 टक्के! हे वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. पण ऑस्ट्रेलियाच्या बर्ट ओल्डफील्डचे 130 पैकी 52 आहेत, 40 टक्के. त्याच्यापुढे ग्रिमेट आणि मेलीसारखे लेगस्पिनर गोलंदाजी करायचे. ताम्हाणेंपुढे सुभाष गुप्ते होते. तेही मुंबईचेच, लेगब्रेक आणि गुगली टाकणारे. तेव्हा हा 31 टक्क्यांचा आकडा मुख्यतः सांगतो की ताम्हाणे फिरकीवर, स्टंपला चिकटून उभे राहून कीपिंग करत होते. ते किती चांगलं करत होते, हे त्यातून पूर्ण कळत नाही. गुप्तेंचा गुगली फलंदाजाला कळला नाही तरी कीपरला कळावाच लागतो. पण नीट हातात आलेल्या त्या शेकडो चेंडूंची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. स्कोअरकार्डात बाय लिहितात, वाचवलेले बाय लिहीत नाहीत.

मग नोंद होते ती कशाची? डिसेंबर 1958, कानपूर, समोर वेस्ट इंडिज. गुप्तेंनी एका डावात 102 धावांत 9 बळी घेतले. दहावा, लान्स गिब्ज, वसंत रांजणेंनी त्रिफळाचीत केला. स्कोअरकार्ड इथंच संपतं. पण गुप्तेंवर लिहिलेले लेख वाचलेत तर एक वाक्य हमखास भेटतं: गुप्तेंच्या गोलंदाजीवर गिब्जचा झेल ताम्हाणेंकडून सुटला, नाहीतर दहाच्या दहा बळी झाले असते. त्याआधी कसोटीत हे फक्त जिम लेकरला जमलं होतं, 1956 मध्ये. भारतीयाला ते जमायला 1999 साल आणि कुंबळे उजाडावा लागला. सुटलेला झेल स्कोअरकार्डात नसतो, तरी तो साठ-पासष्ट वर्षं टिकला. पकडलेले 35 झेल कार्डात आहेत, पण त्यातला एक तरी कुणी गोष्ट म्हणून सांगतं का?

हे फक्त क्रिकेटचं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाँग स्नॅपर नावाचा खेळाडू असतो. वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा, पंटसाठी साधारण 15 यार्ड, एवढंच त्याचं काम. ट्रे जंकिन नावाचा खेळाडू 1983 पासून या लीगमध्ये होता आणि स्नॅपर म्हणून त्याचं नाव पक्कं होतं. निवृत्तीनंतर न्यूयॉर्क जायंट्सने त्याला ऐन बाद फेरीसाठी बोलावलं. 5 जानेवारी 2003, शेवटचे काही सेकंद, किक बसली तर सामना खिशात. स्नॅप चुकला, जायंट्स 39-38 ने हरले. आज जंकिनचं नाव शोधा, आधी काय दिसतं ते तुम्हीच पाहा.

तेव्हा असा विषय घेणार असाल तर माझ्या अनुभवातून एक सांगतो. उपलब्ध आकडा हाच आपला प्रश्न समजू नका. मी सुरुवातीला 'ताम्हाणे किती चांगले कीपर होते?' असं लिहून ठेवलं होतं, आणि त्याचं उत्तर या आकड्यांत नाही. आता वहीत प्रश्न असा आहे: निवड समितीने त्यांची किंमत कधी आणि कशाने मोजली? याला निदान पुरावा सापडतो. बघा, जानेवारी 1960 मध्ये बुधी कुंदरन आले, 1961 मध्ये फरुख इंजिनिअर. दोघेही धडाक्याने बॅट चालवणारे. 1964 मध्ये कुंदरनने मद्रासला इंग्लंडविरुद्ध 192 ठोकले. ताम्हाणेंची कारकीर्द 1960-61 च्या मोसमातच संपलेली. नुसत्या कीपिंगवर जागा मिळण्याचे दिवस आपल्याकडे तेव्हापासूनच सरत चालले होते, असं माझं मत. हे अजून गृहीतकच आहे, सिद्ध करायचंय. त्यासाठी ताम्हाणे आणि नाना जोशी यांच्यात निवड समितीने आलटून पालटून केलेले बदल सामन्यागणिक लावून बघतोय. पुढे ताम्हाणे स्वतः निवड समितीवर गेले. 1989 मध्ये तेंडुलकरला पाकिस्तान दौऱ्यावर नेणाऱ्या समितीत ते होते.

जाता जाता, आमच्या स्पर्धेच्या स्कोअररला मी म्हटलं होतं, वहीत एक रकाना वाढव, कीपरने किती बॉल नीट घेतले त्याचा. तो म्हणाला, "घेतो की. पण मग माझ्याशेजारी बसून बॉल मोजणार कोण, तुम्ही?" पुढच्या उन्हाळ्यात बसणार आहे.