पंजाबी स्वयंशिक्षणाची पुस्तके : लिपी आणि सूर

परभाषा शिकवणाऱ्या पुस्तकांकडे आपण सहसा साधन म्हणून पाहतो, इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहत नाही. वास्तविक अशा प्रत्येक पुस्तकात एक विशिष्ट शिकणारा गृहीत धरलेला असतो. त्याने कोणाशी आणि कशासाठी बोलावे, हेही ठरलेले असते. पंजाबीच्या स्वयंशिक्षण-साहित्याची पारख करायची, तर प्रथम हा गृहीत विद्यार्थी ओळखला पाहिजे.

या परंपरेचा आरंभ पंजाबच्या बाहेर झाला. विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८१२ मध्ये बंगालमधल्या त्याच श्रीरामपुरातून पंजाबीचे. पुढे ब्रिटिशांनी १८४९ मध्ये शिखांचे राज्य खालसा केले. त्यानंतर १८५१ मध्ये लुधियानाच्या मिशनमधील जॉन न्यूटन यांचे व्याकरण आले आणि १८५४ मध्ये त्याच मिशनचा पंजाबी-इंग्रजी कोश. ही पुस्तके धर्मप्रसारकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या उपयोगाची होती. हा वाचक एकटा नव्हता. त्याच्या शेजारी मुन्शी असे, दारापुढे बाजार असे. पुस्तकाने रूपावली द्यावी आणि उच्चार माणसांकडून घ्यावा, अशी ही विभागणी होती. त्यामुळे पुस्तकात जे नव्हते, त्याची उणीव फारशी जाणवत नसे.

नेमके काय नव्हते? सूर. पंजाबी ही आपल्या भाषाकुलातील सुरांचा अर्थभेदक उपयोग करणाऱ्या मोजक्या भाषांपैकी एक आहे. गुरुमुखीत 'घोड़ा' लिहितात. मात्र पंजाबी माणूस तेथे 'घ' उच्चारत नाही, तो 'क' उच्चारून सूर खाली नेतो. 'कोड़ा' म्हणजे चाबूक. तो सपाट सुरात. 'कोढ़ा' म्हणजे कुष्ठरोगी. तेथे 'ढ' मधला महाप्राण लोपतो आणि सूर वर चढतो. आपल्या चहाला तिकडे 'चाह' लिहितात, पण शेवटचा 'ह' ऐकू येत नाही. त्याच्या जागी चढा सूर असतो. लिपीने जुना महाप्राण जपला, जिभेने त्याचा सूर केला. केवळ अक्षरे वाचून शिकणाऱ्याला या घडामोडीचा पत्ताही लागत नाही.

या प्रश्नाला शास्त्रीय पातळीवर हात घातला टी. ग्रॅहम बेली यांनी. वजीराबाद परिसरात मिशनचे काम केलेल्या बेलींनी १९१४ च्या आपल्या ध्वनिविषयक वाचनपुस्तकात पंजाबीच्या सुरांचे वर्णन केले. तेव्हा नोंद झाली होती, पण ती घरबसल्या शिकणाऱ्याच्या हाती पोहोचायला बराच काळ जावा लागला. दरम्यान विद्यार्थीही बदलला. क्रिस्टोफर शॅकल यांचे स्वयंशिक्षक १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये निघाले, मंगतराय भारद्वाज यांचे १९९५ मध्ये. आता समोर साहेब नव्हता. स्थलांतरित पंजाबी कुटुंबांची मुले, त्यांचे शेजारी, त्यांचे शिक्षक असा हा नवा वर्ग होता. मुन्शी गेला होता. म्हणून भारद्वाजांच्या पुस्तकाने सुरांच्या खुणा छापल्या आणि सोबत ध्वनिफिती दिल्या. 'स्वयंशिक्षण' हा शब्द येथे खऱ्या अर्थाने सार्थ झाला, असे म्हणता येईल.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासाला वेगळे महत्त्व आहे. गुरुमुखीची वर्णव्यवस्था आपल्या ओळखीची आहे. 'हत्थ', 'सत्त', 'अट्ठ' हे शब्द आपल्या हात, सात, आठ यांची प्राकृत रूपे वाटावीत इतके जवळचे. शिवाय पंजाबीत 'ळ' चा उच्चार आहे, पण सामान्य छपाईत तो बहुधा 'ल' म्हणूनच लिहिला जातो. इंग्रजी वाचकाला कष्टाने साधणारा हा ध्वनी आपल्याला जन्मजात लाभला आहे. परंतु ही जवळीकच आपल्याला फसवते. अक्षर वाचता आले की भाषा आली, असे वाटू लागते आणि आपण 'घोड़ा' मराठी 'घोडा' सारखा म्हणून मोकळे होतो. म्हणून देवनागरी लिप्यंतरावर चालणारे आणि सुरांविषयी मौन पाळणारे पुस्तक मराठी माणसासाठी सर्वांत सोपे, पण सर्वांत अपुरे ठरते.

दुसरी कसोटी हेतूची. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांच्या ओढीने पंजाबीकडे वळणारा मराठी अभ्यासक आजच्या बोलचालीच्या पुस्तकाने समाधानी होणार नाही. त्या ग्रंथाची भाषा आजच्या पंजाबीहून जुनी आणि मिश्र आहे. शॅकल यांनी तिच्यासाठी १९८३ मध्ये स्वतंत्र प्रवेशिका लिहिली, यातच दोन वाटा वेगळ्या असल्याची कबुली आहे.

तेव्हा पुस्तक निवडताना तीन प्रश्न विचारावेत. ते सूर दाखवते का? दाखवत असेल, तर ऐकवतेही का? आणि आपल्याला आजच्या माणसाशी बोलायचे आहे की जुन्या संताला वाचायचे आहे, याचे उत्तर त्यात आहे का? मुन्शीची जागा पुस्तकाने घ्यायची असेल, तर मुन्शीचा आवाजही त्याने आणला पाहिजे.