चांदमारीची जुनी रिव्हॉल्व्हरे

एकोणिसाव्या शतकातले रिव्हॉल्व्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावर बसलेला काउबॉय येतो. जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्यांत मात्र असाही एक गट आहे, ज्याला या लढाऊ रिव्हॉल्व्हरांपेक्षा त्यांच्या शांत भावंडांचे मोल अधिक वाटते. ही भावंडे कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरण्यासाठी, म्हणजे निव्वळ चांदमारीसाठी बनवली गेली. ती संख्येने थोडी आहेत आणि त्यांच्यात रक्तरंजित इतिहास शोधू गेल्यास बहुधा निराशाच होईल. त्यांच्यात सापडतो तो अचूकपणाचा इतिहास, आणि शिक्षकांना तो अधिक उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

रिव्हॉल्व्हर हे मुळात नेमबाजीला सोयीचे यंत्र नव्हे. काडतुसे फिरत्या सिलिंडरमध्ये असतात आणि नळी वेगळी असते. प्रत्येक बाराला सिलिंडरचे एकेक घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबले पाहिजे. गोळीला आधी सिलिंडरमधून, मग मधली बारीक फट ओलांडून नळीत शिरायचे असते. तिथे ती किंचित जरी तिरकी शिरली, तरी नेम चुकलाच.

दुसरी अडचण भूमितीची आहे. समजा, नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांत २० सेंटिमीटर अंतर आहे. नेम धरताना माशी खाचेच्या मध्यापासून फक्त ०.१ मिलिमीटर सरकली, तर ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४५.७ मीटरवर, गोळी किती सरकेल? समरूप त्रिकोण मांडून पाहा. उत्तर येते सुमारे २३ मिलिमीटर. रायफलीत हेच अंतर ८० सेंटिमीटर धरले, तर चूक सहा मिलिमीटरच्या आत राहते. नववीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर घालण्यासारखे आहे.

गंमत अशी की या यंत्राला अचूक करण्यातले एक मोठे पाऊल चांदमारीसाठी पडलेच नाही. ते पडले सैन्याच्या मागणीपायी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८७० साली 'मॉडेल नंबर ३' बाजारात आणले. मधोमध मोडून उघडणारे हे रिव्हॉल्व्हर रशियन सरकारला पसंत पडले. १८७१ पासून पुढल्या काही वर्षांत सव्वा लाखाहून जास्त नग रशियाला गेले. पण रशियनांनी काडतूस बदलून मागितले. आधीच्या काडतुसात गोळीचा मागचा निमुळता भाग तेवढा पितळी पुंगळीत बसे आणि वंगण लावलेला जाड भाग बाहेर उघडा राही. त्याला धूळ चिकटे, उन्हाने वंगण पाघळे. नव्या काडतुसात वंगणाच्या खाचा पुंगळीच्या आत गेल्या. गोळी पुंगळीच्या आतल्या मापाची झाल्यामुळे सिलिंडरच्या घराचे तोंडही त्याच मापाने अरुंद करता आले आणि गोळीला सरळ वाट मिळाली. हेच '.४४ रशियन' काडतूस. चांदमारी करणाऱ्यांनी ते लगेच उचलले.

१८७८ साली 'न्यू मॉडेल नंबर ३' आले आणि १८८७ साली त्याचाच खास चांदमारीचा अवतार, .३२-४४ आणि .३८-४४ या दोन काडतुसांसाठी. यात कारागिरांनी मागची कल्पना पार टोकाला नेली. पुंगळी जवळजवळ सिलिंडरइतकी लांब केली आणि गोळी तिच्यात संपूर्ण बुडवली. अशी गोळी पुंगळीतून निघते ती थेट नळीच्या तोंडाशी. युद्धात या नाजूक योजनेला फारसा अर्थ नव्हता. असे अवघे सुमारे ४,३०० नग बनले.

अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमध्ये, नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा १८६० पासून विम्बल्डनला भरत. १८९० साली त्या सरे परगण्यातल्या बिझ्ली इथे गेल्या. या गावाचे नाव एवढे गाजले की अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीने १८९४ साली आपल्या वाकदार मुठीच्या, ठेंगण्या घोड्याच्या नव्या रिव्हॉल्व्हरला तेच नाव दिले. त्याची सपाट माथ्याची आणि माशी-खाच जुळवून घेता येणारी खास चांदमारीची आवृत्ती फक्त ९७६ नगांची. बिझ्लीचे मैदान गाजवणाऱ्यांत वॉल्टर वायनन्स होता. हा अमेरिकन गृहस्थ जन्मला सेंट पीटर्सबर्गला आणि राहिला इंग्लंडात. रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीवरचे त्याचे पुस्तक १९०१ साली निघाले. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये याच बिझ्लीला त्याने धावत्या हरणाच्या लक्ष्यावर रायफलीने सुवर्णपदक मिळवले आणि १९१२ साली आणखी एक सुवर्णपदक घेतले, ते चक्क शिल्पकलेसाठी!

आता संग्राहक अशा वस्तूत काय पाहतो ते पाहू. तो आधी नळीत डोकावतो. काळी दारू जळली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार मुख्य. त्या काळच्या ठिणगीच्या टोपीतले पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड उरे, तेही मिठासारखेच ओल ओढणारे. चांदमारी संपल्यावर मालकाने नळी गरम पाण्याने धुतली की नाही, हे सव्वाशे वर्षांनंतरही आतल्या गंजाच्या खड्ड्यांवरून कळते.

मग तो पृष्ठभाग पाहतो. पोलादाची निळसर झाक हा लोखंडाच्या ऑक्साइडचा, मुद्दाम चढवलेला पातळ थर असतो. हौसेने चकाचक पॉलिश केले की तो थर जातो, कडा गोल होतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात. त्याबरोबर किंमतही उतरते, आणि उतरावीच. कारण पुसला गेलेला पुरावा परत आणता येत नाही. स्मिथ अँड वेसनच्या या रिव्हॉल्व्हरांवर मुठीच्या तळाशी असलेला क्रमांक सिलिंडर आणि नळीवरही ठोकलेला असतो. तो सर्वत्र जुळला तर सुटे भाग मूळचे आहेत असे समजावे. शेवटी येतात कारखान्याच्या वह्या. कोणता नग, कोणत्या मापाचा, कोणत्या दिवशी बाहेर पडला याच्या नोंदी मोठ्या प्रमाणात टिकल्या आहेत आणि त्यांचा लेखी उतारा मिळतो. साध्या बिझ्लीचा माथा कानशीने सपाट करून तो '९७६ पैकी एक' म्हणून खपवणाऱ्यांचे बिंग याच वह्या फोडतात.

पण या छंदात एक पेच आहे. नळी स्वच्छ, क्रमांक जुळलेले, घोडा-चाप सुरळीत, म्हणजे उत्तम नमुना. आणि असा नमुना आजही गोळी झाडू शकतो. इतिहासाची साधने आणि शस्त्र इथे एकाच वस्तूत राहतात. कायद्यांनी यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने १८९८ अखेरपर्यंत बनलेले शस्त्र 'पुरातन' मानले. म्हणजे एकाच नमुन्याचे, डिसेंबरातले पुरातन आणि जानेवारीतले नाही. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती आणली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यात पुरातन शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ज्यातून बार उडणार नाही अशांनाच. म्हणजे जितके जतन उत्तम, तितकी परवान्याची गरज नक्की. जुन्या वाड्यातल्या पेटीत असे काही सापडले तर ते न हाताळता पोलिसांना कळवावे हे बरे.

ब्रिटनची वाट अधिक खडतर होती. १९९६ साली स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेचा हातबंदुकांनी जीव घेतला. १९९७ साली जवळजवळ सर्व हातबंदुकांवर बंदी आली. ऐतिहासिक महत्त्वाच्या काही नगांना सूट मिळाली, ती ठरावीक ठिकाणी कुलपात ठेवण्याच्या आणि तिथेच झाडण्याच्या अटीवर. त्या ठिकाणांपैकी एक बिझ्ली. ज्यांची काडतुसे कालबाह्य ठरली होती ती रिव्हॉल्व्हरे मात्र शोभेची वस्तू म्हणून घरी ठेवता येत. पण गुन्हेगार घरगुती काडतुसे बनवून ती वापरू लागले, तेव्हा मार्च २०२१ मध्ये त्या यादीतून सात काडतुसे वगळली गेली. त्यांत .४४ रशियनही होते. मालकांपुढे पर्याय उरले ते प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याचे, विकण्याचे, जमा करण्याचे, नाहीतर रिव्हॉल्व्हर कायमचे निकामी करून घेण्याचे. हा शेवटचा पर्याय घेतला तर वस्तू भिंतीवर राहते, पण नळी बुजवली जाते आणि आतले भाग वितळजोडाने पक्के केले जातात. गोळीला सरळ वाट देणारे सिलिंडरच्या घराचे ते अरुंद तोंड मग कोणाला मोजता येत नाही.