दोष ग्रहणाचा नाही, आईचाही नाही

भाईंदरच्या जेसल पार्कमधून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. बाळाचा डोळा जन्मतःच बारीक असला, की "हिनं ग्रहणात विळी धरली असेल" म्हणत सगळे आईकडे बोट दाखवतात. ग्रहणानं डोळा बिघडत नाही. पण काही औषधांनी बिघडू शकतो. त्याचा हा इतिहास.

आपल्या ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हा मनाच्या आजारावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखवला. पुढे एकेक औषध येत गेलं आणि कितीतरी घरं सावरली.

१९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड ही झोपेची, मन शांत करणारी गोळी बाजारात आली. गरोदर बायकांनी ती मळमळीवरही घेतली. हजारो बाळं अर्धवट हातापायांची जन्मली. काहींचे डोळे फार लहान होते, काहींना डोळेच नव्हते. १९६१ मध्ये तिथं ती गोळी मागे घेतली. आयांनी तर डॉक्टरांवर विश्वास ठेवून ती घेतली होती.

असं का झालं? गर्भ राहिल्यावर साधारण २२व्या दिवशी डोळ्याची पहिली खाच पडते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. आपल्याला दिवस गेल्याचं कळेपर्यंत बाळाचा डोळा घडायला लागलेला असतो.

पुढची गोष्ट व्हॅल्प्रोएटची. हे औषध आकडीवर आणि मनाच्या काही आजारांवर देतात. ते घेणाऱ्या आयांच्या बाळांत मणक्याचे दोष जास्त दिसतात, असं १९८२ मध्ये फ्रान्समधून डॉक्टरांनी कळवलं. बाळाच्या बुद्धीवर आणि क्वचित डोळ्यांवरही परिणाम होतो, हे नंतर समजलं.

म्हणून काय गोळ्या फेकून द्यायच्या? अजिबात नाही! औषध एकदम बंद केलं तर आजार उलटतो, आकडी येते, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. सगळीच औषधं सारखी नसतात. बदल करायचा तर तो डॉक्टरच करतील, आणि तोही शक्यतो दिवस राहण्याआधी.

तेव्हा मूल हवं असेल तर आधीच सांगा, "डॉक्टर, मी ही गोळी घेते." आशाताईंनाही सांगा. मनाबद्दल बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. गटात कुणी गोळी लपवून घेत असेल, तर तिला एकटं पाडू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.