सणांच्या शब्दांतून ‘ळ’ कसा शिकवता येतो?

मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. त्यामुळे ‘क कमळाचा’ ही पद्धत इथे अडते. अशा वेळी पोळा, होळी, दिवाळी, तिळगूळ हे सणांचे ओळखीचे शब्द कामी येतात.

खेळ सोपा आहे. शिक्षकांच्या तोंडून ‘ळ’ ऐकू आला की मुलांनी उडी मारायची. ‘बैल’, ‘गुलाल’ आला की बसून राहायचे. ‘ल’ म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकते, ‘ळ’साठी मागे टाळूकडे वळते. कानाला फरक कळला की मग फळ्यावर अक्षर दाखवायचे.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुका तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. इथे मराठीसोबत उर्दू, तेलुगूही कानावर पडते. तेलुगूत ‘ळ’ आहे, उर्दूत नाही. म्हणून उर्दू बोलणारे मूल ‘पोला’ म्हणाले, तर रागावू नये, आधी ऐकवावे. नाहीतर ‘काल’ आणि ‘काळ’ त्याला एकच वाटतील.