परीक्षा आली, प्रयोगशाळा राहिली

आपल्यापैकी जे सायन्स किंवा इंजिनिअरिंग शिकले, त्यांना 'जर्नल' म्हटलं की सबमिशनचे दिवस आठवतील. प्रयोग ठरलेला, उत्तर ठरलेलं, आणि रीडिंग्जसुद्धा सीनियरच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेली! कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चार वर्षं मी हेच पाहिलं. अमेरिकेत आल्यावर मात्र पदवीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं, कुणालाच उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नांवर प्राध्यापकांबरोबर काम करताना दिसली. आपली मुलं काही कमी हुशार नाहीत. मग हा फरक आला कुठून? शोधता शोधता मी थेट १८२४ सालच्या जर्मनीत पोचलो.

त्या वर्षी युस्टुस लीबिग हा २१ वर्षांचा तरुण गीसेन या छोट्या गावातल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागला. रिकाम्या लष्करी बराकीच्या जागेत त्याने प्रयोगशाळा थाटली. तोवर बहुतेक ठिकाणी प्रयोग गुरुजींनी करायचे आणि विद्यार्थ्यांनी ते बघायचे, अशी रीत होती. लीबिगने उपकरणं विद्यार्थ्यांच्याच हातात दिली. १८३१ साली त्याने पाच फुग्यांचं एक साधं काचेचं उपकरण बनवलं. पदार्थातला कार्बन मोजण्याचं किचकट काम त्यामुळे विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आलं. पायाभूत सराव झाला की विद्यार्थ्याला संशोधनाचा स्वतंत्र प्रश्न मिळे. बघता बघता देशोदेशीची मुलं गीसेनला येऊ लागली.

लीबिगचा विद्यार्थी हॉफमन १८४५ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत शिकवायला गेला. त्याचा विद्यार्थी विल्यम पर्किन. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत हा १८ वर्षांचा मुलगा घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला बसला. क्विनीन काही झालं नाही, पण हाती आलेल्या काळ्या गाळातून सुंदर जांभळा रंग निघाला. कृत्रिम रंगांचा प्रचंड उद्योग तिथून सुरू झाला.

आता पुढचंच साल बघा. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. नमुना लंडनचाच, पण हॉफमनच्या प्रयोगशाळेचा नव्हे, लंडन विद्यापीठाचा. ते विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नसे. परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम. थोडक्यात, विलायतेहून आपल्याकडे परीक्षा आली, प्रयोगशाळा मागे राहिली.

ही कसर भरून काढायचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असं नाही. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आपली यूडीसीटी (आजची आयसीटी), सुरू केला. १९३८ साली के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्या संशोधनाचा विषय? कृत्रिम रंग! गिरण्यांच्या मुंबईला याहून जवळचा विषय तो कुठला असणार? पुढे १९५७ साली ते पुण्याच्या एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले.

अमेरिकेतही पदवीच्या मुलांना ही संधी आपोआप मिळाली नाही. पोलरॉइडचे एडविन लँड यांनी १९५७ साली एमआयटीतल्या भाषणात सांगितलं, की मुलांना पहिल्यापासून खऱ्या संशोधनात घ्या. ते प्रत्यक्षात यायला १२ वर्षं गेली. १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण प्राध्यापिकेने 'यूरॉप' ही योजना सुरू केली. प्राध्यापकांच्या संशोधनात पदवीचे विद्यार्थी सामील होतात आणि त्याबद्दल त्यांना क्रेडिट किंवा पगार मिळतो. पुढे इतर विद्यापीठांनीही तिचा कित्ता गिरवला.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सध्या कॉलेजच्या अर्जांची धावपळ चालू असेल. रँकिंग बघाच, पण कॅम्पस बघायला जाल तेव्हा एवढं जरूर विचारा: इथे पहिल्या वर्षाच्या मुलाला कुणाच्या लॅबमध्ये काम मिळू शकतं का? आणि भारतातल्या आपल्या जुन्या कॉलेजला देणगी द्यायचा विचार असेल, तर दोन-तीन विद्यार्थ्यांना वर्षभर एखाद्या खऱ्या प्रश्नावर काम करता येईल, एवढा खर्च आपण काही जण मिळून नक्की उचलू शकतो. सोबत दर महिन्याला तासभर त्यांच्याशी फोनवर बोललो, तर फारच उत्तम.