सौरघट स्वस्त कोणी केला?

सौरघटाचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९५४ सालाशी थांबतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा सौरघट जगापुढे ठेवला. पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचे तो विजेत रूपांतर करी. आजचे घट २० टक्क्यांच्या पुढे आहेत, म्हणजे कार्यक्षमता साडेतीनपट झाली. किंमत मात्र, महागाई वजा करूनही, १९७६ मधील वॅटमागे सुमारे १०० डॉलरवरून २०१९ पर्यंत ४० सेंटच्या खाली उतरली. हा अडीचशे पटींचा फरक केवळ भौतिकशास्त्राने पडलेला नाही.

सुरुवातीचे महत्त्वाचे गिऱ्हाईक अंतराळातले. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर सौरघट होते, आणि तिथे किंमत कोणी विचारत नव्हते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले आणि सूर्याची आठवण सर्वांना झाली. गंमत अशी, की त्याच सुमारास घट स्वस्त करण्याच्या संशोधनाला पैसा पुरवला तो एक्सॉन या तेल कंपनीने. इलियट बर्मन यांनी इलेक्ट्रॉनिक उद्योगाने नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या वापरून किंमत १०० डॉलरवरून २० वर आणली. त्यांचे घट बसले समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर, धोक्याचे दिवे लावायला!

१९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर ३२ सौरपट्ट बसवले. (ते पाणी तापवणारे होते, वीज करणारे नव्हते, ही गफलत अनेक पुस्तकांत आढळते.) पुढे तेल स्वस्त झाले, सरकार बदलले, संशोधनाचा निधी आटला आणि १९८६ मध्ये ते पट्टही उतरवले गेले.

धागा उचलला जपानने आणि मुख्यतः जर्मनीने. तिथे ऊन आपल्या निम्म्याहून थोडेच अधिक. पण २००० सालच्या कायद्याने छपरावरच्या प्रत्येक युनिटला ९९ फेनिग, म्हणजे बाजारभावाच्या कित्येक पट दर, २० वर्षांसाठी बांधून दिला. उत्पन्नाची अशी खात्री मिळताच बँका शेतकऱ्यालाही सौरपट्टांसाठी कर्ज देऊ लागल्या. हा जादा दर सरकारी तिजोरीतून न जाता सर्व ग्राहकांच्या वीजबिलांतून वसूल होई. सौरघटांचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरते, असा अनुभव आहे. सुरुवातीच्या महागड्या दुपटींचा मोठा वाटा जर्मन ग्राहकाने उचलला, असे मला वाटते.

त्या मागणीला पुरवठा कोठून झाला? शी झेंगरोंग यांनी ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि २००१ मध्ये चीनमधील वूशी शहरात, स्थानिक सरकारच्या भांडवलावर, सनटेक कंपनी काढली. २००५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोचली. पाहता पाहता प्रांतोप्रांती कारखाने निघाले. २००८ च्या मंदीनंतर माल पडून राहू लागला, तरी सरकारी बँकांची कर्जे चालूच राहिली. भाव कोसळले. २०११ मध्ये अमेरिकेची सोलिंड्रा सरकारने हमी दिलेल्या ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जासह बुडाली; २०१३ मध्ये सनटेकची मुख्य कंपनीही दिवाळखोरीत गेली. कंपन्या गेल्या, पण यंत्रे आणि शिकलेले हात तिथेच राहिले.

या पडत्या भावाचा लाभ आपल्यालाही झाला. २०१० च्या राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला जवळजवळ ११ रुपये होती; २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली. धुळे जिल्ह्यातील साक्रीचा महानिर्मितीचा प्रकल्प तर जर्मन विकास बँकेच्या कर्जावर उभा राहिला. पण घट भारतातच बनवलेले असावेत ही आपली अट अमेरिकेच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेने २०१६ मध्ये नियमबाह्य ठरवली. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, अमेरिकेने स्वतःच्या कारखान्यांसाठी भरघोस करसवलती देणारा कायदा केला. भारताने त्याच वर्षी एप्रिलपासून आयात सौरपट्टांवर ४० टक्के शुल्क बसवले होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार सिलिकॉनपासून तयार पट्टापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता.